वकील नेमायचा राहिला

१

सोमवारी सकाळी मंगलनं कपाट उघडलं, तर घराच्या कागदांची फाईल जागेवर नव्हती.

त्यानंतर विट्यातल्या हारुगड्यांच्या घरात तासभर जो कालवा झाला, तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला. थोरला लालासाहेब बहिणीच्या अंगावर धावून गेला. धाकटा दिग्विजय मध्ये पडला, तर लालासाहेबानं त्यालाच ढकललं. मंगल ओरडून सांगत होती, "माझ्यावर आळ घेशील तर याद राख दादा!"

चार तारीख होती ती ऑगस्टची. घर विकायची विसारपावती फेब्रुवारीत झाली होती आणि मुदत बारा ऑगस्टला संपत होती. विकणारी भावंडं चार. लालासाहेब, त्याच्या पाठचा तानाजी, मग मंगल, शेवटी दिग्विजय. घेणारे होते लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार ज्योतिबा शेवाळे. दोन्हीकडून मिळून एकच वकील करायचा आणि तो हारुगड्यांनी नेमायचा, असं पावतीतच लिहिलं होतं. वकील मागचे सगळे दस्त तपासणार, पेपरात जाहीर नोटीस देणार, मग खरेदीखत. साधं काम. पण सहा महिने होत आले तरी वकील काही नेमला गेला नव्हता.

सुभेदार दुपारी उठले आणि थेट शालूबाई पिसाळांच्या दारात जाऊन उभे राहिले.

शालूबाई कोर्टात एकतीस वर्षं बेलीफ होत्या. समन्स बजावायचं, जप्ती करायची, ताबा घ्यायचा. माणूस घरात असताना "गावाला गेलेत" म्हणणारे चेहरे त्यांनी हजारांनी पाहिले होते. शिव्या खाल्ल्या होत्या, एकदा अंगावर कुत्रंही सोडलं होतं कुणीतरी. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी विट्यात त्यांना बेलीफबाईच म्हणत.

"बाई, ही सीधी गडबड हाय," सुभेदार म्हणाले. "पहिला वकील ठरला, त्याला कुणीतरी फोन करून नको म्हणालं. दुसरा साताऱ्याचा, त्याचं पत्र तीन आठवडे फिरून परत आलं. आता तिसऱ्याकडं जायच्या दिवशी फाईलच गायब. पुढच्या मंगळवारी मुदत संपती. बायकोचं गुडघं गेल्यात, तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतोय आमी. मला ते घर पायजे."

"आणि तुमाला वाटतं कोण करतंय?"

"मंगलबाई. दुसरं कोण? त्या घरात राहतात. त्यांना निघायचं न्हाई."

"बघते," शालूबाई म्हणाल्या. "पण जे निघंल ते सगळ्यांच्या देखत सांगणार. मग तुमाला आवडो न आवडो."

२

मंगलनं दार अर्धंच उघडलं.

"सुभेदारानं धाडलंय न्हवं? चोर म्हणायला?"

"म्हणायला न्हाई, इचारायला," शालूबाई म्हणाल्या आणि उंबऱ्याशीच बसल्या. बसलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावणं अवघड जातं, हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं.

मंगल अठ्ठावन्न वर्षांची. नवरा गेल्यापासून एकोणीस वर्षं माहेरच्या या घरात. आबांचं, म्हणजे वडिलांचं आजारपण तिनंच काढलं होतं.

"मला घर विकायचं न्हाई, हे मी सगळ्यांच्या तोंडावर सांगितलंय," ती म्हणाली. "पण तिघं भाऊ एका बाजूला. मग विसारपावतीवर सही दिली. दिली ती दिली. कागद चोरायची माझी जात न्हाई."

"किल्ली कुठं असती?"

"देव्हाऱ्यामागं खिळ्याला. घरातल्या सगळ्यांना ठावं हाय."

"तिघं भाऊ म्हणालात. तानाजी कुठं असत्यात?"

मंगलचा आवाज जरा खाली आला. हारुगडे गलाईवाले. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी लालासाहेब तमिळनाडूत सेलमला, तर तानाजी पार सिलीगुडीला गेला. तिथलीच बायको केली. आबांनी त्याला घराचं दार बंद केलं ते कायमचं. आबा वारले तेव्हाही तो आला नाही. वारसनोंदीसाठी त्यानं लालासाहेबाच्या नावानं कुलमुखत्यारपत्र करून तेवढं पोस्टानं धाडलं. त्याच पत्रावर विसारपावतीत तानाजीची सही लालासाहेबानं केली होती.

"बोलणं होतं का तुमचं?"

"आमचा फोन त्यो घेत न्हाई. राग हाय त्याचा, आणि बरोबरच हाय. दादाशी तेवढा बोलतो. आदी मी राखी पोस्टानं धाडायची. दोन वर्षांमागं ती परत आली, पत्त्यावर राहत नाहीत म्हणून. त्याच दसऱ्याला दादा आला तिरुपती करून. डोक्याचा गोटा, आबांसारखी मिशी राखलेली ती पण काढलेली. मला तर वळखूच आला न्हाई. त्याला सांगितलं, तर म्हणाला तानाजीनं घर बदललंय, राखी माझ्याकडं देत जा, मी धाडतो. तवापासनं त्याच्याकडंच देते. औंदाची पण दिली."

शालूबाई उठल्या आणि निघताना एवढंच म्हणाल्या, "मुखत्यारपत्र पण त्या फाईलीतच व्हतं?"

"न्हाई. ते दादा सोताकडं ठिवतो."

३

दिग्विजयचं बसस्टँडजवळ मोटारपंपांचं दुकान होतं. त्यानं बेलीफबाईंना खुर्चीही दिली नाही.

"मी चोरली फाईल? कशापायी?"

"सांगलीचा एक बिल्डर तुमाला दोनदा भेटला. जास्त भाव देतो म्हणाला. विसाराची मुदत टळली की तुमी मोकळं."

दिग्विजयचा चेहरा उतरला. मग तो चिडला. "भेटलो! मग काय झालं? दादाला बोललो तर दादानं आईवरनं शिवी दिली. म्हणाला, सुभेदारालाच द्यायचं आणि बारा तारखेच्या आत द्यायचं. तवापासनं मी नाव काढलं न्हाई."

"साताऱ्याच्या वकिलांचं पाकीट तुमच्या अक्षरात हाय. पत्ता चुकीचा."

"अक्षर माझं. पत्ता दादानं मोबाईलवरनं वाचला, मी लिवला. आता त्यो चुकला त्याला मी काय करू? जावा तुमी. गिऱ्हाइकं खोळंबल्यात."

लालासाहेब मात्र घरीच सापडला. उंच, भरघोस मिशीचा माणूस. फेब्रुवारीपासून दुकान पोरावर टाकून तो विट्यात येऊन राहिला होता.

"या बेलीफबाई," तो म्हणाला. "बरं झालं आला. ह्या दोघांनी माझं वाटोळं केलंय. सहा महिने बोंबलतोय मी, वकील नेमा, वकील नेमा. एकाला घर सोडवत न्हाई, एकाला बिल्डर पायजे. पण मी पण आबांचा पोरगा हाय. फाईल गेली तर गेली. मी धावपळ करून आबांच्या खरेदीखताची नक्कल काढून आणली सरकारी शिक्क्याची. मंगळवारी दस्त लिहिणाऱ्याला घिऊन थेट रजिस्टर करणार. वकिलाला आता वेळच कुठं राहिला?"

"सुभेदार तयार हायेत?"

"न हुन सांगतो कुणाला? मुदत टळली तर विसार मोडला. मग त्यांनी फिरावं दुसरं घर बघत."

"ती नक्कल जरा बघू?"

त्यानं उत्साहानं काढून दिली. शालूबाईंनी पुढून पाहिली, उलटून मागून पाहिली आणि परत केली.

"तानाजी काय म्हणत्यात?"

"त्यो काय म्हणणार? मजेत हाय. विका म्हणतो."

४

पहिल्यांदा ठरलेल्या वीरधवल देसाई वकिलांचा कारकून तात्याबा शालूबाईंना कोर्टातल्या दिवसांपासून ओळखत होता, आणि त्या दिवसांपासूनच त्याचं त्यांच्याशी पटत नव्हतं.

"फोन आला व्हता मार्चात," तो फायलीतून डोकं वर न काढता म्हणाला. "हारुगड्यांचं काम करू नका म्हणून. झालं समाधान?"

"कोण बोललं?"

"घरातलाच म्हणाला. बाप्याचा आवाज. नाव इचारलं तर म्हणाला, घरातल्या सगळ्यांच्या वतीनं बोलतोय."

"अगदी जसंच्या तसं सांगा तात्याबा. पहिलं वाक्य काय व्हतं?"

"आता ते कुठनं आठवू?" पण तो आठवू लागला. कारकुनाची स्मरणशक्ती त्याला गप्प बसू देईना. "पहिलं इचारलं, सर्च काढला का? म्हणजे जुने दस्त तपासले का, नोटीस दिली का. मी म्हटलं, अजून न्हाई, उद्या सुरू करणार. मग जरा थांबला. मग म्हणाला, तर मग राहू द्या, काम दुसरीकडं दिलंय."

"आणि झाला असता तर?"

"झाला असता तर काय बोलला असता ते त्याला इचारा की!"

शालूबाई आतल्या खोलीत गेल्या. वीरधवल वकील तरुण होता, बोलायला सरळ.

"वकीलसाहेब, एकच प्रश्न. ते काम तुमच्याकडं राहिलं असतं, तर सगळ्यात आधी काय बघितलं असतंत?"

"चार मालक, त्यातला एक मुखत्यारपत्रावर. मग आधी तेच. ते पत्र देणारा माणूस कुठं आहे, त्याला पत्र मान्य आहे का. त्याच्याशी स्वतः बोललो असतो, व्हिडिओ कॉलवर तोंड बघितलं असतं. जिवंत आहे याची खात्री केली असती. कारण माणूस गेला की त्याचं कुलमुखत्यारपत्रही संपतं. त्यावर नंतर केलेली सही कवडीची नाही. उलट गुन्हा होतो."

"आणि घेणारा?"

"तो अडकला. खऱ्या वारसानं दावा लावला की आयुष्य कोर्टात."

शालूबाई पायऱ्या उतरून खाली आल्या. गेले चार दिवस सगळे एकच विचारत होते, घर विकलं जाऊ नये असं कुणाला वाटतं? त्या प्रश्नाला मंगल हे उत्तर होतं, दिग्विजय हेही उत्तर होतं. पण फोन करणाऱ्यानं विक्रीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्यानं फक्त सर्चचं विचारलं होतं.

विट्यात गलाईवाल्यांना तोटा नाही. देशातलं एक शहर सांगा, तिथं दुकान असलेला कुणीतरी या गावात निघतोच. सिलीगुडीत दुकान असलेल्या माणसाचं घर शालूबाईंना तिसऱ्या चौकशीत सापडलं. घरातल्या एकानं तिकडच्या आपल्या भावाला फोन लावला. भाऊ म्हणाला, पाच मिनिटं थांबा, नंबर काढून देतो.

शालूबाईंनी तो नंबर लावला. पलीकडून एका तरुण मुलीचा आवाज आला. शालूबाईंनी विट्याचं आणि घर विकण्याचं नाव घेताच तो आवाज एकदम कडू झाला.

"अब दो साल बाद फोन? घर बेचना है इसलिए?"

५

सोमवारी, अकरा तारखेला, शालूबाईंनी सगळ्यांना हारुगड्यांच्या सोप्यात बसवलं. सुभेदार खुर्चीवर ताठ. मंगल दाराला टेकून. दिग्विजय मोबाईल चाळत. लालासाहेब मधल्या बाकावर, पुढ्यात उद्याच्या दस्ताचा मसुदा.

"लवकर आटपा," तो म्हणाला. "ह्या बाईला इथं बसायचा अधिकार काय?"

"अधिकार न्हाई. नोकरीत पण लोकं असंच म्हणायची," शालूबाई म्हणाल्या. "नंतर कागद वाचायची. लालासाहेब, ती नक्कल कवा काढली तुमी?"

"फाईल गेल्यावर. सांगितलं न्हवं?"

"फाईल गेली चार ऑगस्टला. नकलेच्या मागं शिक्का असतो, अर्ज कवा आला आणि नक्कल कवा दिली त्याचा. तुमच्या अर्जाची तारीख एकवीस जुलै हाय. मूळ कागद कपाटात असताना, दोन आठवडे आदी, तुमाला नक्कल कशाला लागली?"

लालासाहेबानं मसुद्याचे कागद उगाच सारखे केले. "जादा एखादी असावी म्हणून."

"मग धावपळ करून आणली म्हणालात ते खोटं. साताऱ्याचा पत्ता वाचून कुणी दाखवला, तुमी. बिल्डर आला तर शिवी कुणी दिली, तुमी. कारण तुमाला विक्री मोडायची न्हवती. उलट व्हायलाच पायजे व्हती, तानाजींच्या हिश्शाचं पैसं मुखत्यार म्हणून तुमच्याच हातात पडणार व्हतं. पण वकिलाशिवाय. मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला की सुभेदार घायकुतीला येतील, भावंडं एकमेकांवर आळ घेण्यात गुंतलेली असतील आणि सगळे म्हणतील, वकील राहू दे, उरका. सहा महिने तुमी याच दिवसाची वाट बघितली."

"व्हय का?" लालासाहेब उठला. "आणि मी वकिलाला का भ्यावं?"

"वकिलानं पहिल्या दिवशी तानाजींना फोन लावला असता."

दिग्विजयनं मोबाईल खाली ठेवला.

"आणि त्यानं फोन उचलला असता!" लालासाहेब ओरडला. "परवा राखी पोचली म्हणाला मला! शनिवारी बांधली म्हणाला!"

"लालासाहेब," शालूबाईंचा आवाज चढला नाही. "दोन वर्षांमागं दसऱ्याला तुमी डोकं आणि मिशी उतरवून आलात. तिरुपतीला गेलो म्हणालात. तुमी सिलीगुडीला गेला व्हतात. तानाजींनी घर बदललं तेवढं खरं, पण गणपतीनंतर आठ दिवसांनी ते वारले. दवाखान्यात तुमी व्हतात. अग्नी पण तुमीच दिलात. मी त्यांच्या मुलीशी बोलले. समीक्षा तिचं नाव. बापाच्या मृत्यूचा दाखला तिनं मला मोबाईलवर धाडलाय."

त्यांनी मोबाईल बाकावर ठेवला. सुभेदारांनी तो उचलून वाचला आणि दिग्विजयकडं दिला.

मंगल दारापासून पुढं आली. "दादा, ही काय म्हणतीया?"

तिनं त्याचा दंड धरला.

"दादा, तानादादा गेलाय?"

"गेला," लालासाहेब फिस्कटला. "गेला! मग काय करू? त्या पोरीला वाटणी द्यायची? तिला हे घर ठावं तरी हाय का? तिच्या आईला आबांनी उंबरा चढू दिला न्हाई. तिनं येऊन चौथा हिस्सा न्यायचा? मी त्याच्यासाठी दवाखान्यात आठ दिवस बसलो. तुमी कोण व्हता तितं? कोण आलं?"

"आमाला सांगितलंस का?" दिग्विजय किंचाळला.

"ह्यांनी त्या पोरीला काय सांगितलं ते पण ऐका," शालूबाई म्हणाल्या. "घरच्यांना कळवलंय, पण कुणाला यायचं न्हाई, असं सांगितलं. दोन वर्षं ती पोरगी तेच धरून बसलीया."

मंगलनं लालासाहेबाच्या तोंडाकडं बघितलं. ती मारील असं सुभेदारांना वाटलं आणि ते अर्धवट उठले. पण ती वळली, मागच्या अंगणात गेली. हौदाजवळची बादली तिनं उचलली आणि लुगड्यासकट डोक्यावर ओतली. दुसरी भरली, तीही ओतली. मेल्याची बातमी उशिरा कळली तरी अंघोळ करायची असते. दिग्विजय तिच्यामागं गेला. तिनं तिसरी बादली त्याच्या डोक्यावर ओतली, लहानपणी ओतायची तशी, आणि मग ती मोठ्यानं रडू लागली.

लालासाहेब सोप्यात कोरडाच उभा होता. त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही.

६

फाईल लालासाहेबाच्या सेलमच्या बॅगेत निघाली. सुभेदारांनी त्याच दिवशी त्याच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली, मेलेल्या माणसाच्या मुखत्यारपत्रावर सही करून फसवल्याची. मंगल आणि दिग्विजयनं त्यांना अडवलं नाही.

बारा तारीख गेली. सुभेदारांनी विसार मोडला नाही, दोन महिन्यांची मुदत वाढवून दिली. "दावा विकत घेण्यापरास जिना चढलेला बरा," असं त्यांनी बायकोला सांगितलं म्हणे.

वीरधवल वकिलांच्या नेमणुकीचं पत्र एका पानाचं होतं. त्यावर सही करायला समीक्षा त्या सोमवारनंतर नवव्या दिवशी विट्याला आली. आई आधीच गेलेली, तानाजीची वारस ती एकटीच. सव्वीस वर्षांची, काळी पिशवी खांद्याला, डोळे तानाजीचे. परतीचं तिकीट तिनं दुसऱ्या दिवशीचंच काढलं होतं. मंगलनं चहा ठेवला, तिनं घेतला नाही. मंगल "बाळा" म्हणाली, तर तिनं तोंड फिरवलं.

लालासाहेबही आला होता, सहीपुरता. त्याला पाहिल्यावर समीक्षा उठून उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, ती ओरडणार. तिनं वाकून त्याच्या पायांना हात लावला.

"आपने बाबा को अग्नी दी थी," ती म्हणाली. "वो मैं नहीं भूलूँगी. बाकी आप मुझसे बात मत करना."

लालासाहेबाला सहीची जागा दोनदा दाखवावी लागली. सही करून तो निघाला तो मागं वळला नाही.

सगळ्यांच्या सह्या व्हायला पाव तास लागला. वकील, सुभेदार गेले. शालूबाई चपला घालत होत्या, तेवढ्यात समीक्षानं पहिल्यांदाच मंगलकडं नीट बघितलं.

"आपको सच में नहीं पता था?"

"न्हाई गं," मंगल म्हणाली. "मी राख्या धाडत व्हते."

समीक्षाला राख्या हा एकच शब्द कळला असावा. मग तिनं विचारलं, बाबा कुठल्या खोलीत झोपायचे. मंगलनं तिचा हात धरला आणि तिला आत नेलं.

शालूबाई ओट्यावर थांबल्या. का थांबल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आतून कधी मंगलचा आवाज यायचा, कधी त्या पोरीचा, एकीचं मराठी, दुसरीचं हिंदी, आणि मध्येच दोघींचं रडणं. तासाभरानं समीक्षा एकटीच बाहेर आली. तोंड धुतलेलं, हातात मोबाईल.

"मावशी," ती मोडक्या मराठीत म्हणाली, "तिकीटची तारीख बदलायला काय करायचं?"